कंबरेचं हाड

१२ फेब्रुवारी

बोलायला लायक माणूस या गावात उरलं नाही, म्हणून वहीत लिहायचं ठरवलंय. आमचे हे ऐकतात, पण ऐकता ऐकता घोरायला लागतात. सून बिश्केकला असते. ती फोनवर "हो आई, हो आई" म्हणते आणि मागे तिचा टीव्ही चालू असतो. वही निदान मध्येच चहा तरी मागत नाही.

तर झालंय असं की आमची असिल बाप्तिस्त, म्हणजे किरिस्ताव निघाली.

असिल म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा कुबात मॉस्कोच्या रस्त्यांवरचा बर्फ उपसतो आणि ही इथे थोरल्या घरात सासूबाईंना सांभाळते. धाकट्या मुलाला आईबापाचं घर मिळतं ही आपली रीत. त्या रीतीपायी मी थोरली असून आयुष्य गल्लीपलीकडच्या दोन खोल्यांत काढलं, आणि ही कानामागून आली नि तिखट झाली. तिखट तरी कसली म्हणा. वीस वर्षांत हिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नाही. खाली मुंडी, पाताळ धुंडी.

टॅक्सीवाल्या माम्बेतने सगळं फोडलं. असिल दर रविवारी शहरात दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणायची. एका माणसाला असे किती दात असतात? स्टेशनामागे एक घर आहे, तिथे दोन-चार रशियन म्हाताऱ्या, एक कोरियन आणि आपल्यातले काही भरकटलेले जमून ईसाची गाणी म्हणतात. ही तिथे जात होती.

मी लगेच थोरल्या घरी गेले. पीठ मळत बसली होती. सासूबाई शेगडीशेजारी गादीवर. शरदात अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या तिथेच असतात.

"असिल, लोक म्हणतात ते खरं का?"

"काय म्हणतात, जाऊबाई?"

"तू ईसाची झालीस म्हणून."

"झालेय," म्हणाली. मळायचे हात थांबलेसुद्धा नाहीत.

झालेय म्हणे. दूध उतू गेल्यासारखं. मी असते तर डोळ्यांत पाणी आणून माम्बेतच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या आणि प्रकरण तिथेच मिटवलं असतं. हिला साधं खोटं बोलायची अक्कल नाही.

"हे खूळ डोक्यात घातलं कुणी?"

तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई आपल्या खिडकीकडे बघत होत्या, त्यांना आता काय कळतंय. मग म्हणाली, "माझं मलाच पटलं."

हिला पटलं. चहात मीठ किती घालायचं हे जिला वीस वर्षं विचारावं लागलं, तिला एकदम देव पटला.

१५ फेब्रुवारी

गावातले जाणते थोरल्या घरी बसले. जाणते म्हणजे कोण, तर तिघे बहिरे, एक दारुडा आणि मुल्ला. आमचा मुल्ला पूर्वी ट्रॅक्टर चालवायचा. अजूनही उतार आल्यासारखा बोलतो, थांबवायचं कुठे ते त्याला कळत नाही. आमचे हे थोरले भाऊ म्हणून मधल्या जागेवर.

निकाल झाला. नव्या वर्षाच्या सणाला, नौरोजला, असिलने सगळ्यांसमोर कलमा म्हणायचा आणि झालं गेलं संपवायचं. नाहीतर घर सोडायचं.

"आणि लक्षात ठेवा," मुल्ला म्हणाला, "ज्याने रशियनांचा देव घेतला त्याला आपल्या कब्रस्तानात वीतभर जागा नाही. खालच्या गावात काय झालं माहीत आहे ना? प्रेत घेऊन दोन दिवस हिंडत होते. शेवटी ओढ्याच्या पलीकडे कुठेतरी पुरलं, आता तिथे गुरं चरतात."

हे ऐकून असिलचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, चला, आता वठणीवर येईल. पण ती पुन्हा सासूबाईंकडेच बघत होती. स्वतःच्या मरणाची भीती वाटली की माणूस म्हाताऱ्या माणसाकडे बघतंच.

गंमत म्हणजे ज्यांनी हिला घराबाहेर काढायचं ठरवलं त्यांना चहा हीच ओतत होती. रोट्याही तिनेच सकाळी भाजलेल्या. दारुड्याने चार खाल्ल्या आणि म्हणाला, "पोरीच्या हाताला चव आहे, वाया जाऊ नये." त्यावर सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या.

२४ फेब्रुवारी

कुबातचा फोन. "दादा म्हणेल तसं," म्हणाला. लहानपणीही बूट कुठल्या पायात घालायचा ते दादालाच विचारायचा.

यांनी एकदाच तोंड उघडलं. "असिल गेली तर आईचं कोण करणार?"

"मी करीन," मी म्हटलं. "मी काय मेलेय?"

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग घोरू लागले.

मनातलं इथे लिहायला हरकत नाही. सासूबाई आता पंगतीला बसू शकत नाहीत. मेंढी कापली की ज्याचं हाड त्याला जातं. पुरुषांना मुंडी, नळ्या, फरा, आणि बायकांत सगळ्यात मानाच्या बाईला कंबरेचं हाड. बसायची जागा चुकली तर लोक हसून सोडतील, हाड चुकलं तर तीन पिढ्या बोलत नाहीत. या घरातलं कंबरेचं हाड मी लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाईंच्या पुढ्यात जाताना बघतेय. त्यांच्यामागे कुणाच्या पुढ्यात जावं? थोरल्या घरात राहते तिच्या. इतकी वर्षं वाटायचं की ही मुकी मेंढी माझं हाड खाणार.

देव कुणाचाही असो, कधीकधी ऐकतो.

८ मार्च

बायकांचा दिवस. यांनी मला एक लाल फूल दिलं, दुकानात उरलं होतं ते. देठ मोडलेला.

असिलने लोकरीचे मोजे विणून पाठवले. घर सुटायची वेळ आली आणि ही मोजे विणत बसलीय. लाच द्यायची तर जरा मोठी द्यावी माणसाने. मापाचे आहेत, मेले.

२१ मार्च

नौरोज. अख्खं गाव अंगणात. कढईभोवती बायका, बाकावर म्हातारे. मुल्लाने असिलला पुढे बोलावलं. मी नवा रुमाल बांधून बरोबर समोर उभी होते.

"म्हण, पोरी," मुल्ला म्हणाला. "दोन शब्द आहेत."

"मुल्लाभाऊ, मी कुणाचं वाईट केलं नाही. करणारही नाही. पण हे मी म्हणणार नाही."

"विचार कर. घर जाईल, नवरा जाईल, कूळ जाईल. मग तू कोण? नाव काय सांगशील?"

"असिलच सांगेन," ती म्हणाली. "मी कोण ते मला माहीत आहे."

कुणी हसलं, कुणी थुंकलं. माझं अंग जळत होतं. काय तो तोरा. जिच्या पाठीशी नवरा उभा नाही, माहेर मेलेलं, हातात एक पिशवी, ती म्हणते मी कोण ते मला माहीत आहे. मला बासष्टाव्या वर्षी माहीत नाही, हिला कुठून कळलं?

निघण्यापूर्वी सासूबाईंच्या कानाशी वाकून बराच वेळ बोलली. म्हातारीने चांगल्या हाताने तिचा गाल कुरवाळला. रडायचं सोडून दोघी हसत होत्या. एकीला अर्धांग, दुसरीला पूर्ण वेड.

दारात मला म्हणाली, "आईंना उजव्या कुशीवर निजवू नका, जाऊबाई, श्वास कोंडतो. रोटी चहात भिजवूनच द्या. आणि जेवणाआधी जरा थांबा, त्यांना क्षणभर वेळ लागतो."

"कशाला वेळ लागतो?"

"लागतो," म्हणाली आणि माम्बेतच्याच टॅक्सीत बसून गेली. त्याने भाडं घेतलं नाही म्हणे. मोठा दानशूर.

२ एप्रिल

थोरल्या घरात राहायला येऊन दहा-बारा दिवस झाले. कंबर मोडली. म्हातारी दिसते चिमणीएवढी, उचलायला गेलं तर घोडी. रोटी भरवली की तोंडातच धरून ठेवते. असिलने म्हटल्याप्रमाणे थांबून पाहिलं. डोळे मिटते, ओठ हलवते, मग खाते. झटक्याने ओठ थरथरत असणार.

लोक येतात, बघतात, म्हणतात, "कालिपा, तू होतीस म्हणून." हे ऐकायला बरं वाटतं. लोक गेले की चादर धुवावी लागते.

९ एप्रिल

मुल्लाकडून ताईत आणला. कातड्यात शिवलेला, चांगला जड. म्हातारीच्या मनगटाला बांधला. सकाळी पाहते तर शेगडीखाली. पुन्हा बांधला, पुन्हा शेगडीखाली. अर्धांगाच्या हाताला इतका नेम कुठून येतो कळत नाही. तिसऱ्यांदा बांधताना तिने माझं बोट धरलं आणि हळूच बाजूला सारलं, लहान मुलाच्या हातातली सुरी काढून घ्यावी तसं.

डोंगरातल्या अर्चाच्या झाडाचा पाला जाळून धूर केला, घरातली पीडा जावी म्हणून. खोकून खोकून निळी झाली. धूर माझ्याच डोळ्यांत गेला आणि पीडा जिथल्या तिथे.

आणि ते गुणगुणणं. दिवसभर एकच चाल, शब्द नाहीत. ती मी कुठे ऐकली ते आज भांडी घासताना आठवलं. एम्मा. युद्धात जर्मनांना इकडे आणून टाकलं होतं, त्यांच्यातली. सामुदायिक शेतीच्या गोठ्यात सासूबाई आणि एम्मा एकमेकींना पाठ लावून दूध काढायच्या. तेव्हा मी नवी नवरी. एम्मा हे गुणगुणायची आणि गाई म्हणे जास्त दूध द्यायच्या. पुढे ती कुटुंबासकट जर्मनीला गेली. सासूबाई स्टेशनवर इतक्या रडल्या की सासऱ्यांना लाज वाटली. परक्या बाईसाठी एवढं रडतात का?

म्हातारपणी माणसाला गोठा आठवतो. मला नशिबाने गोठ्यातलं काही आठवायचं नाही, मी दुकानात होते.

१७ एप्रिल

पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. रागाने.

दुपारी पाठ पुसत होते. म्हातारी म्हणाली, "कालिपा, पोरी." झटक्यानंतर तिचं बोलणं चिखलात चालल्यासारखं झालंय, पण आज सगळं कळलं. कळलं नसतं तर बरं होतं.

"एम्माचा ईसा," म्हणाली, "माझाही."

मला वाटलं भ्रम झाला. "हो हो," म्हटलं.

"हो हो नको करू. ऐक. कुबात पोटात होता तेव्हापासून."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "आणि असिल?"

"मी सांगितलं तिला. आधी मी, मग ती."

"आणि ती आमच्यासमोर म्हणाली माझं मलाच पटलं!"

"माझ्यासाठी. मला कब्रस्तानात तुझ्या सासऱ्यांशेजारी जागा मिळावी म्हणून. मी म्हटलं, सांगून टाकू. ती ऐकेना. पाया पडली माझ्या." जरा दम खाल्ला. "तू सांग सगळ्यांना. मला लपून जायचं नाही."

"आई, शुद्धीवर या. कब्रस्तानात घेणार नाहीत तुम्हाला. सासऱ्यांशेजारची जागा तुम्हीच राखून ठेवलीत ना? दगड लावून?"

"कुठेही पुर," म्हणाली. "ओढ्यापलीकडे पुर. गुरं चरतात ते चांगलंच, मला गाई आवडतात. सगळी जमीन त्याचीच."

"मला काय सांगता? यांना सांगा, मुल्लाला सांगा."

"ते ऐकूनही ऐकणार नाहीत. भ्रमिष्ट म्हणतील. असिल घाबरते माझ्यासाठी. तू कुणाला घाबरत नाहीस, पोरी. तुझं तोंड मोठं आहे." आणि हसली. अर्ध्याच तोंडाने.

चाळीस वर्षं हिने माझ्या चुका काढल्या. कपात चहा जास्त भरला, पाहुण्याकडे पाठ केली, सणाला रुमाल मळका. आणि स्वतः चाळीस वर्षं आपल्याच पंगतीत बसून कंबरेचं हाड खात होती, दुसऱ्याच देवाचं नाव घेऊन. नाकाने कांदे सोलायला मीच एक मिळाले.

"सांगशील ना?"

"बरं," मी म्हटलं. बरं म्हणायला काय जातं.

तेवढ्यावर ती झोपली. अशी झोपली की जसं काही तिला आता काहीच नको.

१९ एप्रिल

विचार केला. सांगितलं तर काय होईल? यांची मान खाली. कुबात गावात तोंड दाखवू शकणार नाही. लोक म्हणतील, या घराची विहीरच नासली, मग थोरली तरी कशी कोरडी राहिली? आणि म्हातारीला ओढ्यापलीकडे टाकतील. तिच्या भल्यासाठीच गप्प बसायला हवं. आजारी माणूस काय वाटेल ते मागतं. मागच्या आठवड्यात बर्फ मागत होती.

असिलही हेच म्हणते ना? म्हणजे या एका बाबतीत तिला अक्कल आहे म्हणायची.

२० एप्रिल

आज पुन्हा विचारलं तिने, डोळ्यांनी. मी मुद्दाम खिडकी पुसत राहिले.

२६ एप्रिल

सासूबाई परवा पहाटे गेल्या. चहा घेऊन गेले तर उजव्या कुशीवर होत्या. मी निजवलं नव्हतं. बहुतेक मी नव्हतं निजवलं.

आज मातीत गेल्या. अंगणात लोकरीच्या जाड नमद्याचा तंबू उभा केला, मध्ये पडद्याआड त्या, आणि आम्ही बायका भिंतीकडे तोंड करून गाऊन रडायला. थोरली सून म्हणून विलाप माझ्याकडून सुरू. मी गाते चांगलं, सगळं गाव म्हणतं. आलेल्या बायकांपैकी निम्म्या रडायला कमी आणि ऐकायला जास्त आल्या होत्या. दोघी तर रडता रडता माझ्या रुमालाचं कापड चाचपून गेल्या.

असिलला तंबूत येऊ द्यायचं नाही असं ठरलंच होतं. तंबूच्या जाळीतून मला दिसली. पाटाच्या पलीकडे विलोच्या झाडाखाली उभी होती, पांढरा रुमाल बांधून. सासूबाईंनीच लग्नात तिच्या डोक्यावर घातलेला असणार, कड जुनी वाटली. रडत होती, पण आवाज नाही. ही रडतेसुद्धा लाजत.

विलापात एक जागा येते. गेलेलं माणूस कुणाचं होतं ते सांगायचं असतं. कुणाची लेक, कुणाची बायको, कुणाची आई. मी लेक म्हटलं, बायको म्हटलं, आई म्हटलं. मग थांबले. पुढचं ओठांवर होतं. खरंच होतं. एवढा मोठा आवाज देवाने दिलाय, एका दमात गल्लीच्या टोकापर्यंत गेला असता.

आणि बाहेर मेंढ्या कापत होते. सुऱ्यांना धार लावल्याचा आवाज येत होता.

मी पुन्हा पहिल्यापासून लेक म्हटलं. बायकांना वाटलं माझा गळा दाटला. त्या जास्तच रडल्या. नंतर मला म्हणाल्या, "अशी सून मिळायला भाग्य लागतं."

बाहेर मुल्लाने रीतीप्रमाणे विचारलं, "ही बाई कशी होती?" सगळे पुरुष एका आवाजात म्हणाले, "चांगली होती." यांचा आवाज सगळ्यांत मोठा. त्यांना काही म्हणजे काही माहीत नाही.

सासऱ्यांशेजारी पुरलं. जागा छान आहे, तळं दिसतं.

१ मे

सातवा दिवस. हाड आलं.

तसराळं घेऊन आमच्या यांचा चुलत पुतण्या पंगतीत फिरला, एकेकीच्या पुढ्यात हाड ठेवत. माझ्यापुढे वाकला आणि कंबरेचं हाड ठेवून म्हणाला, "घ्या, काकी. आता हे तुमचं." सगळ्या बायका बघत होत्या. सरपंचाची आईसुद्धा, जी गेली कित्येक वर्षं माझा नमस्कार बघून न बघितल्यासारखं करते. आज तिने स्वतः मान लववली.

इतकी वर्षं वाट पाहिली त्याची. खरं सांगायचं तर त्या हाडाला मांस फारसं नसतंच. हे मला कधी कुणी सांगितलं नाही. दुरून भरलेलं दिसतं.

सुरीने एक तुकडा काढला, तोंडात टाकला आणि गिळवेना. किती चावला तरी तसाच. म्हातारी रोटी तोंडात धरून ठेवायची तसा. सरपंचाची आई म्हणाली, "सासूच्या आठवणीने घशाखाली उतरत नाही बिचारीच्या." मी मान हलवली. दुसरं काय करणार.

हाड कागदात गुंडाळून घरी नेलं. पंगतीतलं घरी न्यायची रीतच आहे, त्यात कुणाला काही वाटलं नाही.

३ मे

काल शहरात गेले. यांना सांगितलं दाताच्या डॉक्टरकडे जाते. सांगून झाल्यावर कळलं मी काय सांगितलं. यांनी काही विचारलं नाही. घोरणाऱ्या माणसाचा हा एक फायदा.

असिल एका खाणावळीत रोट्या भाजते आणि मागच्या खोलीत राहते. खोली कसली, आमचं कोंबड्यांचं खुराडं मोठं असेल. एक गादी, एक स्टूल, खिडकीत कांद्याची पात लावलेली. मला वाटलं होतं खंगली असेल, पश्चात्तापाने काळी पडली असेल. चांगली गाल भरलेली. मला पाहून इतका आनंद झाला तिला की मलाच कसंसं झालं. ओढत नेऊन मला दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसवलं. त्या खोलीत दुसरी जागाच नव्हती म्हणा.

मी गुंडाळी पुढ्यात टाकली. "सातव्याचं आहे. घे."

तिने कागद उघडला, हाड ओळखलं. त्याच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "जाऊबाई, तुमचे उपकार कसे फेडू? आईंना बाबांशेजारी जागा मिळाली. तुम्ही गप्प राहिलात म्हणून."

"मला माहीत होतं हे तुला कुणी सांगितलं?"

"निघताना त्याच म्हणाल्या होत्या. तू नाही सांगत तर मी कालिपाला सांगेन, ती सांगेल. मी रोज घाबरत होते. मग त्या दिवशी झाडाखालून तुमचा आवाज ऐकला. तुम्ही थांबलात आणि फिरून लेक म्हणालात. मी तिथेच खाली बसले."

डोळ्यांत पाणी घेऊन माझ्याकडे बघत होती, मी कुणी पुण्यवान असल्यासारखी. मला असा संताप आला की स्टूल उचलून फेकावंसं वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर मी दुप्पट दिल्या असत्या. त्याची तयारी करूनच आले होते. बसमध्ये उत्तरंसुद्धा जुळवली होती.

"उपकार गेले खड्ड्यात," मी म्हटलं. "मी तुझ्यासाठी गप्प नव्हते. त्यांच्यासाठीही नाही. त्यांनी सांग म्हणून विनवलं होतं आणि मी बरं म्हटलं होतं. या हाडासाठी गप्प राहिले. कळलं? या हाडासाठी."

"माहीत आहे, जाऊबाई," असिल म्हणाली.

अगदी साधं म्हणाली. पीठ मळताना झालेय म्हणाली होती ना, तसंच.

"माहीत आहे तर आभार कसले मानतेस?"

"जागा तर मिळाली ना त्यांना." मग सुरी घेतली, हाडावरचं होतं तेवढं मांस काढलं. त्याचे दोन वाटे केले आणि मोठा माझ्या हातात दिला. ही वाटणी चुकीची होती, थोरलीने द्यायचं आणि धाकटीने घ्यायचं असतं. मी बोलणार होते. पण तिने डोळे मिटले होते, ओठ हलत होते, आणि मला थांबावं लागलं. त्यांना क्षणभर वेळ लागतो.

मग जेवलो. गरम रोटी होती, कांद्याची पात होती. माझ्या घशाखाली सगळं उतरलं. दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले, हे कबूल करायला हरकत नाही, वही काही बोंबलत सुटत नाही.

"तुला काहीच नको का गं?" मी विचारलं. "घर नको, हाड नको, नवरा फोन घेत नाही, गावात मेलीस तर माती नाही. कशावर जगतेस?"

"पाहिजे होतं ना सगळं," ती म्हणाली. "खूप रडले. अजून रडते कधी कधी. पण उपाशी नाही राहिले, जाऊबाई."

काय उत्तर आहे. विचारलं काय आणि सांगते काय.

ती भांडी घासायला उठली आणि घासता घासता गुणगुणायला लागली. तीच गोठ्यातली चाल. म्हातारीच्या तोंडी शब्द कधी आलेच नाहीत. आले असतील तर मी खिडक्या पुसत होते.

बसची वेळ झाली होती. मी रुमाल बांधला, मोजे घातले, तिने विणलेलेच, दुसरे घरी वाळत होते. दारापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले.

"जरा मोठ्याने म्हण," मी म्हटलं. "शब्द कळत नाहीत."

तिने म्हटलं. आवाज काही खास नाही तिचा. शेवटची बस त्यातच चुकली.